साठ ग्रॅम कोरी-तोफू

शिमोहारा आळीत पाळी कुणाला चुकत नाही. कचऱ्यावर कावळ्यांसाठी जाळी टाकायची पाळी, देवळाच्या आवारातली पानं झाडायची पाळी, निरोपांची फिरती वही शेजारच्या घरी पोचवायची पाळी, या सगळ्या माणूस जिवंत असेपर्यंत येत राहतात आणि माणूस गेला तर त्याच्या घरावर येतात. त्यातली सगळ्यात मानाची, म्हणजे जी कुणालाच नको असते ती, आरोग्यसखीची. दोन वर्षं नगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन चांगलं कसं खावं ते शिकायचं आणि मग आळीला शिकवायचं. यंदा ती पाळी मोमोसेंच्या घरावर आली. नाव लागलं होतं फुसाएवहिनींचं, पण ऐन सप्टेंबरात त्यांच्या लेकीचं दुसरं बाळंतपण निघालं आणि वहिनी दोन महिन्यांसाठी सेंदाईला गेल्या. जाताना त्यांनी भाताच्या चाळीस पुड्या करून बर्फात ठेवल्या, चुलीच्या कोणत्या बटणाला हात लावायचा नाही त्यावर लाल चिकटपट्टी लावली आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं, "सभेला जाऊन बसा. काही करू नका."

काही न करणं मोमोसेसाहेबांच्या स्वभावात नव्हतं. अडतीस वर्षं ते रस्ते खात्यात होते. नागानोच्या डोंगरातल्या कितीतरी रस्त्यांची जाडी त्यांनी स्वतः मोजलेली, आणि एका सेंटिमीटरचाही फरक त्यांनी कधी खपवून घेतला नाही. रस्त्याच्या जाडीत त्यांनी आयुष्यात खोटं लिहिलं नाही, हे त्यांचे शत्रूसुद्धा मान्य करतील. आठवड्याच्या अहवालात मात्र सगळेच जण थोडंफार जुळवून घेत, तसं तेही घेत. आधी आकडा ठरवायचा आणि मग त्याला शोभेल असं काम लिहायचं, ही विद्या सरकारी नोकरीत आपोआप येते. निवृत्तीनंतर तिचा उपयोग राहिला नव्हता, एवढंच.

सभेला बावीस बायका होत्या आणि मोमोसेसाहेब. छातीवर लावायला जो बिल्ला मिळाला त्यावर ‘आरोग्यसखी’ असं छापलेलं, कारण गेल्या चाळीस वर्षांत दुसरं काही छापायची वेळच आली नव्हती. सोबत फिकट गुलाबी एप्रन. साहेबांनी तो कोटावरून बांधला, कारण कोट काढून बांधला असता तर आणखी वाईट दिसलं असतं, असं त्यांचं मत. केंद्राची आहारतज्ज्ञ हिरासावा नावाची चोवीस वर्षांची पोर होती, नोकरीला लागून पाच महिने झालेली. तिने फळ्यावर तीन आकडे लिहिले. दिवसभराच्या अन्नातून जी शक्ती मिळते तिच्यातली शंभरातली पंधरा प्रथिनांकडून यावी, पंचवीस स्निग्ध पदार्थांकडून आणि साठ भात-शेवयांसारख्या कर्बोदकांकडून. कुणी एक वाढलं की दुसरं ढळतं, असं तिने दोन्ही हातांनी तराजू करून दाखवलं. मग प्रत्येकीला एकेक कागद दिला. तीन दिवस जे जे तोंडात जाईल ते वजन करून लिहायचं. रकाने चार: पदार्थ, वजन, वेळ, आणि शेवटचा, कोणाबरोबर जेवलात.

सखींच्या प्रमुख निशिनाबाई. सत्तरीच्या, बसक्या अंगाच्या, आळीतल्या निम्म्या लोकांची बारशी आणि बाकीच्यांचे दिवस त्यांनी घातलेले. त्या मोमोसेसाहेबांजवळ येऊन मायेने म्हणाल्या की तुम्ही अंदाजेच लिहा हो, पुरुषमाणसाने एवढं केलं तरी खूप झालं. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण ‘अंदाजे’ हा शब्द ज्या माणसाला अडतीस वर्षांत कुणी ऐकवला नव्हता, त्याच्या तो असा जिव्हारी लागला की साहेब वाटेतच दुकानात शिरले आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घेऊन घरी आले.

पहिला दिवस झकास सुरू झाला. भात दीडशे ग्रॅम, मिसो सूपमधलं पाणीसुद्धा वेगळं मोजलं. दहा वाजता मात्र पलीकडच्या घरून चहाचं बोलावणं आलं. आमच्या डोंगरात दहाच्या चहाला नाही म्हणणं म्हणजे त्या घराशी बोलणं तोडण्यासारखं. चहाबरोबर मुळ्याच्या पानांचं लोणचं, उकडलेली रताळी आणि गोड वाटाण्याचं सारण भरून वाफवलेल्या कणकेच्या मांजू. साहेबांनी खिशातून काटा काढून मांजू त्यावर ठेवली तेव्हा यजमानीणबाईंचा चेहरा पडला. आमच्या मांजूत काही कमी आहे का, असं त्यांनी विचारलं. ते निस्तरायला साहेबांना आणखी दोन खाव्या लागल्या. दुपारी सोबाच्या शेवया, चारला पुन्हा चहा. त्या दिवशीचा हिशेब लागला तो असा: कर्बोदकं अठ्ठ्याहत्तर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळीच चार अंडी खाऊन समतोल साधायला घेतला. तेवढ्यात निशिनाबाई भोपळ्याची भाजी घेऊन आल्या. एकटे आहात म्हणून, म्हणाल्या. आता भाजी खाऊन टाकता येते, पण शेजारणीचं भांडं रिकामं परत करता येत नाही. वहिनी असत्या तर त्यांनी काहीतरी करून घातलं असतं. साहेबांनी शेतकरी संघाच्या दुकानातून बटाट्याचे दहा तळलेले कोरोक्के आणले, गरम, वरून कुरकुरीत. सहा भांड्यात घातले. उरलेले चार कुठे जायचे? ते उभ्या-उभ्या गेले. स्निग्ध पदार्थ त्रेचाळीस. तिसऱ्या दिवशी साहेबांचा धीर सुटला आणि तिन्ही वेळा त्यांनी कपातल्या शेवयांवर गरम पाणी ओतलं. त्याचा हिशेब त्यांनी केलाच नाही.

आता प्रामाणिक माणसाने हाच कागद दिला असता. बावीस बायकांनी दिलाच. पण मोमोसेसाहेबांना डोळ्यांसमोर निशिनाबाई दिसू लागल्या, आणि त्यांच्या तोंडचं ते ‘खूप झालं’. त्यांनी कोरा कागद घेतला. खाली आधी आकडे लिहिले, पंधरा, पंचवीस, साठ, आणि मग अन्नघटकांच्या कोष्टकातून त्यांना शोभेल असं जेवण वर रचत गेले. भाजलेला बांगडा, पालक, भात, सफरचंदाच्या दोन फोडी. सगळं जमलं, पण प्रथिनं काही केल्या अकराच्या पुढे जाईनात. कोष्टकाची पानं उलटता उलटता एके ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. कोरी-तोफू, सुका. निम्मं वजन नुसतं प्रथिनांचं, आणि स्निग्धांश हवा तेवढाच. कोरी-तोफू म्हणजे आमच्याकडचा थंडीत गोठवून वाळवलेला तोफू, प्रत्येक घरात आठवड्यातून एकदा रश्श्यात शिजलेला असतो. साहेबांनी जन्मभर तो वाटीत पाहिला होता, वाटीत येण्यापूर्वी कधी पाहिला नव्हता. साठ ग्रॅम म्हणजे भाताच्या निम्म्याहून कमी, हे काय जास्त झालं? तिन्ही संध्याकाळी त्यांनी साठ साठ ग्रॅम लिहून टाकले. बेरीज आली पंधरा, पंचवीस, साठ. दशांश चिन्हापुढे शून्य.

शेवटच्या रकान्यात मात्र त्यांनी तिन्ही दिवस, नऊच्या नऊ जेवणांपुढे ‘एकटा’ असं लिहिलं. त्या कागदावर तेवढीच गोष्ट खरी होती.

दहा दिवसांनी केंद्रातून फोन आला. हिरासावाचा आवाज रडवेला झाला होता. तेवीस कागद यंत्रात घातले, म्हणाली, सगळ्यांचं काही ना काही ढळलेलं, एकट्या मोमोसेसाहेबांचं काट्यावर काटा. तेही पुरुषमाणूस, एकटं राहून. तिने वरिष्ठांना दाखवला, वरिष्ठांनी प्रांताच्या कचेरीत पाठवला, आणि ऑक्टोबरच्या आरोग्य मेळाव्यात साहेबांच्याच हातचं ते जेवण साठ लोकांना वाढायचं ठरलं. ‘नाही’ हा शब्द साहेबांच्या ओठांपर्यंत आला होता. पण पोरगी इतकी आनंदात होती, आणि खरं सांगायचं तर साहेबांनाही त्या क्षणी बरं वाटलं. तिथेच त्यांनी माती खाल्ली.

कागद मोठा छापून आळीच्या सभागृहात लावला, शेजारी गुलाबी एप्रनमधला फोटो. साहेब तो बघायला म्हणून नव्हे, सहज म्हणून तिकडे गेले, तर फोटोसमोर आकाहाने उभे. हे आकाहाने आळीच्या टोकाला राहत. जन्मभर करवतींना धार लावायचा धंदा, हात अजून तसेच, बोटं काळी. गेल्या थंडीत त्यांची बायको गेली तेव्हापासून त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी कुणी उघडी पाहिली नव्हती. ते चष्मा कपाळावर चढवून, नाक कागदाला लावून सगळं एका चिठ्ठीवर उतरवून घेत होते.

मोमोसेसाहेबांना बघून ते वाकले, नेहमीपेक्षा जरा जास्तच. मग जे कधी कुणाला सांगितलं नसेल ते सांगत सुटले. साखर वाढली होती. डॉक्टर रागावले होते. नागोयाची लेक म्हणत होती की तुम्हाला तुमचं नीट खाता येत नसेल तर घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे या. तिच्याकडे म्हणजे सातव्या मजल्यावर, आणि करवती विकून टाकायच्या. ऑक्टोबरअखेर पुन्हा रक्त तपासायचं होतं. त्यावर काय ते ठरणार होतं.

"मी म्हटलं, बायको नसताना पुरुषाला हे जमतच नाही," आकाहाने म्हणाले. "मग तुमचा हा शेवटचा रकाना वाचला. एकटा, एकटा, एकटा. म्हटलं, मोमोसेसाहेबांना जमतं, तर मला का नाही जमणार?"

आता बोलायला हवं होतं. अहो आकाहाने, ते सगळं खोटं आहे, मी कोरोक्के खातो, एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी साहेबांच्या तोंडून निघालं की हळूहळू जमेल. आणि घरी येईपर्यंत त्यांना आपल्या पावलांचा आवाजसुद्धा नकोसा झाला.

त्यानंतर आकाहाने दिवसाआड येऊ लागले. बांगडा किती वेळ भाजायचा? होईपर्यंत, साहेब सांगत. पालक आधी चिरायचा की आधी उकळायचा? ज्याची त्याची पद्धत. कोरी-तोफू किती वेळ भिजवायचा? तोवर साहेबांना तो भिजवतात हेच ठाऊक नव्हतं. पुरेसा वेळ, ते म्हणाले. आकाहाने हे सगळं लिहून घेत. एकदा तर शेतकरी संघाच्या मागे गाडी लावून साहेब आत बसून कोरोक्के खात होते, तेव्हा काचेवर टकटक झाली. बाहेर आकाहाने. साहेबांच्या एका हातात कोरोक्के, दुसऱ्यात अर्धा कोरोक्के. काच खाली करून ते म्हणाले की यात तेल किती आहे त्याचा अभ्यास चालू आहे. आकाहाने भारावून गेले. आमच्यासाठी किती करता तुम्ही, असं म्हणून ते पुन्हा वाकले. साहेबांनी हातातला अर्धा तसाच पिशवीत ठेवला. पुढे दोन दिवस त्यांना कोरोक्के गोड लागले नाहीत, तिसऱ्या दिवशी लागले.

मेळाव्याचं सामान मागवायचं काम साहेबांनी स्वतःकडे घेतलं. साठ माणसं, माणशी साठ ग्रॅम, म्हणजे तीन किलो सहाशे. खोकी आली ती उचलायला कशी हलकी, पण सभागृहाच्या स्वयंपाकघरात छताला लागायला आली. ती बघून सखींचं बोलणं एकदम थांबलं. कुणी टेबल पुसू लागलं, कुणी पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागलं. निशिनाबाई जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या की एकदा घरी थोडा करून बघितलात ना? साहेब ताठ होऊन म्हणाले, सगळं नोंदीत आहे. निशिनाबाईंनी मान डोलावली आणि विषय हवेवर नेला, थंडी लवकर पडणार म्हणाल्या. आमच्याकडे माणूस खड्ड्यात चाललेला दिसला तरी त्याला हाक मारत नाहीत, त्याला वाईट वाटेल म्हणून.

मेळाव्याच्या सकाळी साहेब सगळ्यांच्या आधी सभागृहात पोचले. सव्वादोनशेच्या वर वड्या निघाल्या, प्रत्येक वडी साबणाएवढी आणि वजनाला काहीच नाही. दोन टबांत घालून त्यांनी पाणी ओतलं आणि टाय बांधायला आरशापाशी गेले. परत आले तर टबात पाणी नव्हतं. त्यांनी आणखी ओतलं. तेही गेलं. तिसऱ्यांदा ओतल्यावर वड्या टबाच्या काठावरून डोकं वर काढू लागल्या, जाडजूड, गुबगुबीत. एक उचलून बघावी म्हणून त्यांनी काट्यावर ठेवली. सोळा ग्रॅमची होती ती शंभराला टेकली. साहेबांनी काटा बंद करून पुन्हा लावला. मग खाली बसले. अडतीस वर्षं मोजमापात घालवलेल्या माणसाला आपण कोरडं मोजलंय की ओलं, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

सखी आल्या. टबांकडे एकदा बघून त्यांनी बाह्या वर सारल्या. मोठ्या मोठ्या पातेल्यांत रस्सा चढला, तोफूने तोही पिऊन टाकला, पुन्हा रस्सा केला. आणि वाढायची वेळ आली तेव्हा बायकांनी न सांगता-सवरता प्रत्येक झाकणाच्या वाटीत एकेक वडी ठेवायला घेतली. त्या क्षणी मोमोसेसाहेब सुटलेच होते. पण हिरासावा हातात छापील कागद घेऊन आत आली. बाहेर साठ लोक बसलेले, नगरपालिकेचे वरिष्ठ पहिल्या रांगेत, मधला सरकता दरवाजा उघडा.

"सखींनो, चार वड्या हव्यात," ती म्हणाली. "एक घातली तर प्रथिनं बारावरच राहतील."

चार घातल्या तर वाटीचं झाकण बसेना. तिने दाबून बघितलं. रस्सा तिच्या बाहीवर आला. तिने कागद पाहिला, वाटी पाहिली, आणि पुन्हा कागद. अखेर निशिनाबाईंनी तिच्या हातातून झाकण काढून घेतलं.

"बाळ, साठ ग्रॅम सुका तोफू एका वेळी कुणी खात नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाला कागद लागला त्याच दिवशी कळलं होतं."

बोलल्या त्या हळूच, पण दार उघडं होतं.  तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला.

"मी खातो," आकाहाने म्हणाले.

ते उभे राहिले होते. आज त्यांनी सूट घातला होता, बायकोच्या दिवसांना घातलेला तोच. त्यांना बहुधा वाटलं की मोमोसेसाहेबांवर कुणीतरी आळ घेतंय.

"सव्वीस दिवस झाले, रोज संध्याकाळी चार वड्या खातो," ते म्हणाले. "दोन खाल्ल्या की माझं पोट भरतं. पण मोमोसेसाहेब एकटे एवढं खातात, तर माझंच काहीतरी चुकत असणार. म्हणून उरलेल्या दोन पाण्याबरोबर गिळतो. मला तोफू आवडतसुद्धा नाही. पण जमतं. माणसाला जमतं, खोटं नाही ते."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मोमोसेसाहेब गुलाबी एप्रनमध्ये दारात उभे होते आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापून लाल झाल्या होत्या. जमीन दुभंगून पोटात घेत नाही हे त्यांना रस्ते खात्यात असल्यामुळे नक्की माहीत होतं. मग ते जमिनीवर गुडघे टेकून बसले, हात पुढे ठेवले आणि कपाळ चटईला लावलं. तसेच, चटईकडे तोंड करून ते बोलले.

"मी खाल्लेला नाही. एक वडीसुद्धा नाही. आज सकाळपर्यंत मी तो भिजवलेलासुद्धा नव्हता. मी भाताच्या पुड्या, कोरोक्के आणि कपातल्या शेवया खातो. आकडे आधी लिहिले आणि जेवण नंतर. आकाहाने, मला माफ करा."

 मग साहेबांना समोर मोजे दिसले, एका मोज्याच्या अंगठ्याला केलेली जाड्याभरड्या दोऱ्याची पुरुषी रफू. आकाहानेंनी खिशातून ती चिठ्ठी काढली, वापरून वापरून मऊ पडलेली. तिची घडी घातली, आहे तशी पुन्हा खिशात ठेवली आणि ते दाराबाहेर पडले. ते काही बोलले असते तर साहेबांना डोकं वर काढता आलं असतं.

बाकीचा मेळावा यथासांग पार पडला. लोकांनी एकेक वडी खाल्ली आणि छान झालीय म्हणाले. हिरासावाने साहेबांचीच माफी मागितली, माझ्या लक्षात यायला हवं होतं म्हणाली, आणि ती वाकलेली पाहून साहेबांना त्या टबात उडी मारावीशी वाटली. उरलेल्या दीडशेच्या वर वड्या निशिनाबाईंनी पुड्या करून त्यांच्या गाडीत ठेवल्या. टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब कागद मागे घ्यायला केंद्रात गेले. तर तो घेता येईना. प्रांताच्या कचेरीत गेलेली नोंद रद्द करायला वेगळा अर्ज लागतो, आणि त्यावर नेमलेल्या सखीचीच मोहोर, म्हणजे नावाचा शिक्का, हवी. नेमलेली सखी कोण, तर मोमोसे फुसाए. साहेब नुसते बदली. खोटं लिहायला बदली माणूस चालला, खरं सांगायला चालेना. मोहोर सेंदाईला वहिनींच्या पिशवीत होती. म्हणजे फोन करणं आलं, आणि फोन करणं म्हणजे सगळं सांगणं आलं.

त्यांनी सांगितलं. पलीकडे नातवंड रडत होतं. वहिनींनी ते शांत होईपर्यंत ऐकून घेतलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, निशिनाबाईंचा पहिल्या आठवड्यातच फोन येऊन गेला होता. काही करू नका म्हटलं होतं मी, एवढंच त्या म्हणाल्या, रागावल्यासुद्धा नाहीत. मग त्यांनी विचारलं, "आकाहानेंकडे जाऊन आलात का?"

मोहोर तेवढी लवकर हवी, असं साहेब म्हणाले.

"मोहोर मी पोस्टाने पाठवते," वहिनी म्हणाल्या. "ती पोचायला दोन दिवस लागतील. त्यांचं घर चार दारांवर आहे."

तरी साहेबांना तिथे जायला आठवडा लागला. दोनदा ते दारापर्यंत जाऊन परत फिरले, एकदा तर घंटा वाजवायला बोट उचललं आणि नाक खाजवून आले. शेवटी एका संध्याकाळी ते तोफूच्या दोन पुड्या घेऊन गेले. दुसरं काही न्यायचं त्यांना सुचलं नाही, आणि दारात उभं राहिल्यावर याहून वाईट भेट जगात नसेल हे सुचलं.

आकाहानेंनी दार उघडलं. पुड्यांकडे पाहिलं. आत या म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत, नुसते आत गेले आणि दार उघडं ठेवलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. टेबलावर भात, बांगडा, वाटीत एक वडी.

"रक्ताचा कागद आला परवा," आकाहाने पाठमोरे म्हणाले. "साखर थोडी उतरलीय. डॉक्टरांनी विचारलं काय खाता, मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. चार वड्या कुणी सांगितल्या म्हणाले."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"शेजाऱ्यांनी, म्हटलं." ते वळले. "लेक म्हणाली, नवीन वर्षापर्यंत तिथेच राहा, मग बघू. आता एकच घालतो मी. एकच बरोबर आहे ना?"

अजूनही ते आपल्यालाच विचारताहेत, हे साहेबांना सहन होईना. पुरेसं, ज्याची त्याची पद्धत, होईपर्यंत, अशी सगळी उत्तरं त्यांच्या तोंडाशी आली आणि तोंडातच राहिली.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला यातलं काहीच माहीत नाही, आकाहाने."

 आकाहानेंनी फळीवरून आणखी एक वाटी काढली, बायकोची असावी, कडेला बारीक निळी फुलं होती. पुसली आणि पातेल्यातली दुसरी वडी तीत घातली. हिरासावा केंद्रातून तसाच कोरा कागद देऊन गेलीय म्हणाले, या वेळी खरं लिहा म्हणालीय, तुम्हाला नव्हे, मला. पेन काढून त्यांनी त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो टेबलावर सरकवला. वजनाचा काटा नव्हता, म्हणून पदार्थांपुढे त्यांनी मोठ्या, आडव्यातिडव्या अक्षरांत ‘अंदाजे’ असं लिहिलं होतं, प्रत्येक ओळीला. शेवटच्या रकान्यात गेल्या सगळ्या जेवणांपुढे ‘एकटा’ होतं. आजच्या रात्रीच्या जेवणासमोर पेनाची शाई अजून ओली होती. तिथे लिहिलं होतं, ‘मोमोसेंबरोबर’.

साहेबांनी ते वाचलं, मान खाली घातली आणि आपल्या वाटीतली वडी मुकाट्याने खाल्ली.